आंबट झालेलं मीठ

बातू लिचिन दीपगृह
२४ ऑगस्ट १९९७

प्रिय आंगाह,

तुझ्या धाकट्या भावाचा, उचूचा, सलाम. तू, भावोजी बांग तामरीन आणि छोटी मेलुर सुखात असाल. तू पाठवलेला सांबाल आणि सुके बांगडे मिळाले. सांबाल पाक वाननी दोन दिवसांत संपवला आणि वर मलाच म्हणतात, "तुझ्या बहिणीचा हात मिरचीला जरा आखडता आहे." माणूस दीपगृहाचा मुख्य आहे म्हणून गप्प बसलो.

इकडे धूर आला आहे. तिकडेही असेल, पण तुमच्याकडे घरं आहेत, झाडं आहेत, धुराला अडायला काहीतरी आहे. इथे चारी बाजूंना पाणी, आणि पाण्यावर हा पिवळा-करडा पडदा. सुमात्राची दलदल जळते आहे, असं रेडिओवर सांगतात. सूर्य दुपारीसुद्धा खारवलेल्या अंड्याच्या बलकासारखा दिसतो. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. परवा समोरून तेलाचं जहाज गेलं. आवाज ऐकू आला, जहाज दिसलं नाही.

कचेरीने एक विजेचा भोंगा पाठवलाय. वरच्या गच्चीच्या कठड्यावर बसवला. धूर दाट असला की दर दोन मिनिटांनी वाजवायचा. भोंगा बिघडलाच तर खालच्या पायऱ्यांपाशी डच लोकांच्या वेळची घंटा आहे, ती हाताने ठोकायची. सध्या दिवसभर भोंगाच वाजतोय. झोपेतही कानात वाजतो.

बू हार्तिनींचं यंत्र आठवतं ना? बांडुंगहून आलेल्या त्या बाई जूनमध्ये ठेवून गेल्या ते? छोटा पंप आहे, समुद्रावरचा वारा एका गोल पांढऱ्या कागदातून ओढतो. मी रोज सकाळी सातला कागद चिमट्याने बदलतो, पाकिटात घालून तारीख टाकतो. लाट फुटते तेव्हा फेसातले बुडबुडे फुटतात, त्यांचे थेंब वर उडतात, पाणी वाळून जातं आणि डोळ्यांना न दिसणारा मिठाचा कण हवेत तरंगत राहतो. हवेत तो काय काय होतो ते बाईंना बघायचंय. "मीठ घरातून निघतं एक आणि पोचतं दुसरंच," असं त्या म्हणाल्या होत्या. मी हसलो होतो.

त्यांनी लिटमसच्या पट्ट्याही दिल्यात. पंपाजवळ काचेची एक ताटली असते, तिच्यावर दिवसभरात जो खारा थर बसतो तो थोड्या पाण्यात धुवायचा आणि पट्टी बुडवायची. जून-जुलैत पट्टी निळीच राहायची. समुद्राचं मीठ असंच असतं. आता गेले अकरा दिवस लाल होते आहे. रोज थोडी जास्त लाल. ओठ चाटून बघितले तर खारट लागत नाहीत, आंबट लागतात. पाक वान म्हणतात, "कागद लाल झाला म्हणून तू का पांढरा पडतोस?"

त्यांना हसायला काय जातं! त्यांनी बापाकना शेवटच्या महिन्यात पाहिलेलं नाही. आपण पाहिलंय. तू त्यांच्या पाठीला उशी लावून बसायचीस आणि मी दाराशी उभा राहून त्यांचा श्वास मोजायचो. कथिलाच्या खाणीने त्यांच्या छातीत काय भरलं होतं कोण जाणे, पण प्रत्येक श्वासाला गंजलेली बिजागरी करकरल्यासारखा आवाज यायचा. काल पायऱ्या चढताना माझ्या छातीतून तसाच आवाज आला. कदाचित भास असेल.

एक काम कर. सुती कापडाचे चार पदर करून तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवून ठेव, चार-पाच. रसद घेऊन येणाऱ्या पुढच्या बोटीने पाठव. आणि तो लिंबाचा, मधाचा काढा. घाई नाही. बांग तामरीनना म्हणावं, धुरात पोम्पोंग काढू नका, इंजिनाची होडी असली तरी तिला डोळे नाहीत. ते हसतील, माहीत आहे. तरी सांग.

मेलुरला पापा.

तुझा,
उचू


बातू लिचिन दीपगृह
९ ऑक्टोबर १९९७

प्रिय आंगाह,

सलाम. तुझं पत्र मिळालं. चार दिवस ते खिशात घेऊन फिरतोय. उत्तराला उशीर झाला याबद्दल माफ कर.

मी बांग तामरीनच्या दफनाला येऊ शकलो नाही. कचेरीने चौकशी संपेपर्यंत दीपगृह सोडायला मनाई केली होती, आणि पाक वानना न्युमोनिया झाल्यामुळे बोटीने नेलं, त्यामुळे खडकावर मी एकटाच होतो. हे तुला कुणीतरी सांगितलं असेल.

तू लिहिलंस की नक्की काय झालं ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून मी क्रमाने लिहितो. चौकशीत जे लिहिलं गेलं तेच लिहितो.

१८ सप्टेंबरला, गुरुवारी, धूर सगळ्यात दाट होता. कठड्यावरून खालची घंटासुद्धा दिसत नव्हती. बांग तामरीन दुपारी दीडच्या सुमाराला उत्तरेकडच्या खडकांवर आदळले. त्या वेळी भोंगा बंद होता. भोंगा बंद पडला कारण त्याच्या आतली तांब्याची पट्टी खाल्ली गेली होती. बू हार्तिनी चौकशीसाठी मुद्दाम आल्या. त्यांनी झाकण उघडून ती पट्टी मला दाखवली. हिरवी भुकटी झाली होती, बोट लावलं की गळत होती.

त्यांनी समजावलं ते असं. मिठाचे दोन भाग असतात, एक सोडियम आणि एक क्लोरीन. धुरात आम्ल असतं. समुद्रावरून उडालेला मिठाचा कण धुरात तासन् तास तरंगतो तेव्हा ते आम्ल कणात शिरतं, सोडियमला धरतं आणि क्लोरीनला बाहेर काढतं. बाहेर पडलेलं क्लोरीन स्वतःच तिखट आम्ल होऊन हवेत फिरतं. जिथे ओल असेल तिथे बसतं. तांबं असेल तर तांबं खातं, लोखंड असेल तर लोखंड. कण तसाच दिसतो, पण तो आता समुद्राचं मीठ नसतो. मी जमवलेल्या कागदांवरून त्यांनी हे सिद्ध केलंय. अठरा तारखेच्या कागदावर तर मिठातल्या क्लोरीनचे चारातले तीन भाग उडून गेलेले होते. इतकं त्यांनी कुठेच पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

म्हणजे सगळं लेखी आहे. त्यात कुठल्याही माणसाचा हात नाही असा निष्कर्ष आहे.

घंटेबद्दल तू लिहिलंस. पाक वाननी इस्पितळातून जबानी दिली की घंटा वाजत होती, आपण स्वतः ऐकली. ते खरं आहे. घंटा वाजली होती. तू लिहिलंस की मी ती किती वेळ ठोकली असेन, माझ्या तळहातांना फोड आले असतील, त्यांना खोबरेल लाव. माझे हात बरे आहेत, आंगाह. हातांची काळजी करू नकोस.

बाकी काय लिहू. लिटमसची पट्टी अजून लाल येते. मी दारं लावून असतो. मेलुर शाळेत जाते का?

तुझा,
उचू


तान्जुंग पिनांग
१५ डिसेंबर १९९७

आंगाह,

सलाम. शंभराव्या दिवसाच्या केंदुरीला, दुवेच्या जेवणाला, ये म्हणून तू तीनदा कळवलंस. पहिल्या दोन निरोपांना मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यात तू जे लिहिलंस, त्याने मला आज कागदासमोर बसवलं.

तू लिहिलंस: "त्याला मीच पाठवलं. तुझं पत्र वाचून मला राहवलं नाही. पट्ट्या शिवून झाल्या होत्या, काढा बाटलीत भरला होता, रसदीच्या बोटीला अजून आठ दिवस होते. तो म्हणत होता, धूर उतरू दे. मी म्हटलं, माझा भाऊ तिकडे गुदमरतोय आणि तुला धुराची पडलीय? तो बाटली घेऊन गेला. उचू, मीच मारलं त्याला."

हे तू जवळजवळ तीन महिने उराशी घेऊन बसली आहेस, आणि मला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. ते आमच्याकडे येत होते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं नेहमीसारखे बाजाराला निघाले असतील.

आता ऐक. बसून वाच. मेलुरला बाहेर पाठव.

भोंगा दीड वाजता बंद पडला नाही. तो सकाळी दहाला बंद पडला. मीच वर होतो. एकदा घोगरा आवाज काढून तो गप्प झाला. मी झाकण उघडलं, पट्टी हिरवी झालेली पाहिली. सँडपेपरने घासून, तार नव्याने पिळून बसवली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी ते याआधी दोनदा केलं होतं.

पण त्या दिवशी मी खिशातली लिटमसची पट्टी काढली आणि कठड्यावरच्या ओलीला लावली. का लावली कोण जाणे. ती माझ्या डोळ्यांसमोर लाल झाली, आंगाह, धुवायची वाटही न बघता. माझ्या मनात आलं, जे तांब्याला असं करतं ते छातीत काय करत असेल. आणि मग माझा श्वास अडकला. खरोखर अडकला. बापाकचा तो बिजागरीचा आवाज माझ्या आतून यायला लागला. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिथेच टाकला आणि जिना उतरत सुटलो. पायऱ्या किती, तर एकशे बारा. एकही आठवत नाही.

खाली डिझेलच्या पिंपांची खोली आहे. तिला खिडकी नाही. मी आत शिरलो, दार लावलं, पोतं भिजवून फटीत कोंबलं आणि तोंडावर ओला सारोंग बांधून कोपऱ्यात बसलो.

पाक वान शेजारच्या खोलीत तापाने पडले होते. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवर ठोकलं.

"इद्रुस! भोंगा का थांबला?"

मी म्हटलं, "बिघडला."

"मग घंटा घे! बसलास कशाला?"

मी म्हटलं, "जातो, पाक."

गेलो नाही. आणखी वेळाने परत ठोकलं. "इद्रुस, अरे घंटा!" मी परत म्हटलं, "जातोच आहे." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी त्यांचा आवाज बदलला होता. रागावलेला नव्हता. म्हणाले, "पोरा, भीती वाटते का तुला?" मी फटीतलं पोतं आणखी आत दाबलं.

मग मला त्यांच्या खाटेचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि मग घंटेचे ठोके पडले. पाच. मी मोजले. त्यानंतर काही नाही. बाहेर येऊन बघितलं तेव्हा ते घंटेच्या पायऱ्यांवर पालथे पडले होते. पण ते नंतर. फार नंतर.

पाक वाननी घंटा ऐकली, असं जबानीत आहे. ऐकणारच. वाजवली त्यांनीच. इस्पितळात मी त्यांना भेटलो तेव्हा म्हटलं, "पाक, तुम्ही खोटं का बोललात?" ते म्हणाले, "मी एक शब्द खोटा बोललेलो नाही. उरलेलं सांगायचं काम तुझं आहे, माझं नाही." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यांची छाती आता कायमची गेली, असं डॉक्टर सांगतात. ज्या हवेला भिऊन मी लपलो, ती त्यांनी माझ्या वाटणीची घेतली.

नोव्हेंबरच्या सात तारखेला पाऊस जोरात झाला, धूर धुवून गेला. पट्टी पुन्हा निळी झाली. बू हार्तिनींनी छापलेला अहवाल पाठवला. शेवटी आभार मानलेत, त्यात माझं नाव आहे. बारीक अक्षरांत, पण आहे. मी ते नाव बघितलं आणि कचेरीला रजेचा अर्ज दिला.

काल इथल्या बंदर कचेरीत गेलो. साहेबांना सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून फाईल काढून माझ्यासमोर आपटली.

"हे काय आहे?"

"चौकशीचा अहवाल, साहेब."

"यात काय लिहिलंय? मिठाने तांबं खाल्लं. शास्त्रज्ञ बाईंची सही आहे, मुख्य रक्षकाची जबानी आहे, वर जकार्ताचा शिक्का आहे. आणि आता तुम्ही म्हणता, मी कोपऱ्यात बसलो होतो. तुम्ही बसला असाल हो. पण मीठ तर खरंच होतं ना?"

"होतं."

"मग झालं तर. घरी जा. चार दिवस झोप काढा. त्या धुराने बऱ्याच लोकांची डोकी फिरलीत."

त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं, आंगाह. मी भीत भीत गेलो होतो, नोकरी जाईल, तुरुंग होईल. त्यांनी चहा पाजला. बाहेर आल्यावर मी जेट्टीवर बसलो आणि तेव्हा मला कळलं की आतापर्यंत मी घाबरत होतो ती भीती काहीच नव्हती. कारण आता सांगायला तू एकटीच उरलीस.

तू त्यांना पाठवलंस, पण मारलं नाहीस. तू त्यांना दीपगृहाकडे पाठवलंस. दीपगृह तिथे असायला हवं होतं.

मी गुरुवारी, २५ तारखेला, दुपारच्या बोटीने येतोय. जेट्टीवर थांबेन. तू माणूस पाठवलास तर वर येईन. नाही पाठवलास तर संध्याकाळच्या बोटीने परत जाईन आणि तुला पुन्हा तोंड दाखवणार नाही.

इद्रुस


तान्जुंग पिनांग
६ जानेवारी १९९८

आंगाह,

सलाम. रोजे सुरू झाले. इथे एका खानावळीच्या मागच्या खोलीत राहतो. तुझी तब्येत कशी आहे? केंदुरीच्या दिवशी तू सकाळपासून उभी होतीस, पाय सुजले होते. मेलुरला सांग, तिने दिलेला शिंपला माझ्याजवळ आहे.

तू माणूस पाठवला नाहीस. तू स्वतः जेट्टीवर आलीस. मी सगळं मनात ठरवून आलो होतो, आधी पाय धरायचे, मग बोलायचं. तू मला बोलूच दिलं नाहीस. "पत्र वाचलंय," म्हणालीस. "वर चल. भात उतरवायला हात कमी आहेत."

दोन दिवस मी तुझ्या घरी पिंपं भरली, केळीची पानं पुसली, इमामांच्या पुढे बसून दुवा म्हटली. माणसं येऊन माझे हात हातात घेत होती. "याने घंटा वाजवली होती," असं कुणीतरी कुणालातरी माझ्यासमोर सांगितलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू रेंदांगच्या कढईत बघत होतीस.

मग माणसं गेल्यावर, भांडी घासताना, तू एकदम म्हणालीस, "शंभर दिवस मी स्वतःला खात होते, उचू. आणि तू मला खाऊ दिलंस."

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं तू—"

"काय माहीत नव्हतं? मी रडतेय हे माहीत नव्हतं? पत्रात मिठाच्या गोष्टी लिहितोस! सोडियम काय, क्लोरीन काय! माझा नवरा गेला आणि माझा भाऊ मला शाळा शिकवतोय!"

आणि तू हातातली कढई टाकून दिलीस. नंतर तू उचलून परत घासायला लागलीस. मी मेलो असतो तर बरं झालं असतं असं मी म्हटलं, तेव्हा तू म्हणालीस, "गप्प बस. एक गेला तेवढा पुरे." तेवढ्या शब्दांवर मी परतीच्या वाटेला लागलो असतो आणि तुझ्याकडून मिळाली त्याहून जास्त माफी कधी मागितली नसती.

पण बोट सुटताना तू जेट्टीच्या टोकाला आलीस आणि विचारलंस, "तुला त्याच्या पोम्पोंगचा आवाज आला होता का?"

मी म्हटलं, "नाही. खोलीला खिडकी नव्हती."

तू मान हलवलीस. पदराने तोंड पुसलंस आणि वळलीस. तुला बरं वाटलं, हे मी पाहिलं. तुझे खांदे जरासे खाली आले. मला वाटलं, हे एक तरी मी तिच्यासाठी चांगलं केलं. बोट सुटली. दहा दिवस मी स्वतःला तेच सांगत राहिलो, की ते तुझ्यासाठी केलं.

ते मी माझ्यासाठी केलं. त्या खोलीत बसलो होतो तसंच, दार लावून, फटीत पोतं कोंबून. मला आता ते दार उघडायचं आहे. मग तू काहीही कर.

मला आवाज आला होता.

पाक वान उठायच्या आधी आला. पिंपांच्या खोलीच्या भिंती दगडी आहेत, पण दाराखालून समुद्र ऐकू येतो. आधी फार लांबून. सगळे पोम्पोंग सारखेच वाजतात असं लोकांना वाटतं, पण त्यांच्या इंजिनाचा प्रत्येक चौथा ठोका चुकायचा, तुला माहीत आहे. मी ओळखला. एका क्षणात ओळखला.

ते धुरात खलाशी चालवतात तसं चालवत होते. थोडं पुढे यायचं, इंजिन बंद करायचं, ऐकायचं. पहिल्यांदा त्यांनी इंजिन बंद केलं तेव्हा मला वाटलं गेले दुसरीकडे. मग पुन्हा सुरू झालं, जवळ. पुन्हा बंद. तेव्हा कळलं ते काय करताहेत. ते माझ्यासाठी थांबत होते, आंगाह. ते भोंग्यासाठी थांबत होते, घंटेसाठी, कशासाठीही. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी त्या शांततेत श्वास रोखून बसलो होतो, म्हणजे माझाही आवाज जाऊ नये. का? मला आजही माहीत नाही. मी ओरडलो असतो तरी त्यांना दिशा कळली असती. तोंडावरचा सारोंग खाली ओढायचा होता, बस, एवढंच.

तिसऱ्यांदा बंद झालं तेव्हा ते फार जवळ होते. मला वल्ह्याचा पाण्यातला आवाज आला. आणि त्यांनी हाक मारली. ओरडून नाही. जेवायला बोलावतात तशी. "उचू? आहेस का रे?"

मी उठलो. खरं सांगतो, उठलो. कडीला हात लावला. कडी ओली होती, आणि बोटांना ती चरचरली, किंवा चरचरली असं वाटलं, आणि मी हात मागे घेतला.

मग इंजिन सुरू झालं, आणि ते उत्तरेकडे वळले, खडकांकडे. पाक वानचे ठोके पडले ते त्यानंतर.

मी नोकरी सोडली आहे. पाक वानना त्यांच्या गावी कुणी नाही. त्यांना मी इथे माझ्या खोलीत आणलं. रात्रंदिवस त्यांचा श्वास ऐकतो. तो वाजतो, बापाकसारखाच. आता मी दारापाशी उभा राहत नाही, पाठीला उशी लावून जवळ बसतो. हे मी भरपाई म्हणून लिहीत नाही. भरपाई कशी करतात मला माहीत नाही.

तू विचारलं होतंस म्हणून उत्तर दिलं. ते बाजाराला निघाले असतील असं वाटलं, हे मागच्या पत्रात लिहिलं तेही खोटं होतं. तू आणखी काही विचारशील, तर त्याचंही खरं उत्तर देईन. तू काहीच विचारलं नाहीस, पत्र फाडून टाकलंस, माझं नाव मेलुरसमोर घ्यायचं सोडलंस, तरी ते तुझ्या हक्काचं आहे. माफ कर असं आज लिहीत नाही, कारण ते लिहिलं की मला तुझ्या उत्तराची वाट बघावीशी वाटेल.

त्यांनी शेवटची हाक ज्याला मारली आणि ज्याने ओ दिली नाही,
तो
इद्रुस